दोन उकरणारे : गुंगालिनच्या माळाची गोष्ट

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या सरकारनं १८८० मध्ये कुरणं आणि मेंढ्या यांच्या रक्षणासाठी एक कायदा केला. मेंढ्यांच्या वाट्याचं गवत खाणारा प्राणी मारावा, पुरावा म्हणून त्याच्या डोक्याची कातडी सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी आणि बक्षीस घेऊन जावं, अशी व्यवस्था सुरू झाली. १८८३ ते १९२० या काळात बेटॉंग आणि पोटोरू या छोट्या प्राण्यांसाठी दिलेल्या बक्षिसांची संख्या ३० लाखांच्या घरात जाते. सरकारच्याच दप्तरातून पुढे हा आकडा काढला गेला. १९२० नंतर बक्षीस मागायला फारसं कुणी येईना, कारण मारण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

बेटॉंग हा कांगारूच्या कुळातला, पण आकारानं सशाएवढा प्राणी. वजन दीड-पावणेदोन किलो. दिवसा गवताच्या घरट्यात झोपतो, रात्री बाहेर पडतो. घरट्यासाठी लागणारं गवत तो शेपटीत गुंडाळून नेतो. त्याचं मुख्य अन्न म्हणजे जमिनीखाली वाढणारी अळंबी. ती काढण्यासाठी तो पुढच्या पायांच्या नखांनी रात्रभर माती उकरतो. मेंढपाळांच्या लेखी तो उपद्रवी उंदीर होता. ज्या मातीवर त्यांच्या मेंढ्या चरत होत्या ती माती भुसभुशीत ठेवणारा तोच होता, हे कळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

ते कळलं आणि त्यावर प्रत्यक्ष काम झालं, त्यातली एक महत्त्वाची जागा म्हणजे गुंगालिन. हा ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हिचा उत्तरेकडचा विभाग. आज तिथे ऐंशी हजारांहून अधिक लोक राहतात. त्यांत भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, मराठीही आहेत. नवी घरं, तलाव, दुकानं आणि शहराच्या मध्याकडे जाणारी लाइट रेल असं गुंगालिनचं आजचं रूप आहे. या वस्तीच्या कडेला मुलिगन्स फ्लॅट नावाचं विरळ झाडीचं गवताळ रान आहे. नैसर्गिक संपत्ती कशी जाते आणि ती परत आणायला काय करावं लागतं, याचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका रानात वाचता येतो.

काठीनं उकरलेली जमीन

ही भूमी ङुनावाल लोकांची. हजारो वर्षं ते इथे राहिले. त्यांची दगडी हत्यारं आजही या भागात सापडतात. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी स्त्रिया टोकदार काठ्यांनी जमीन उकरून कंद काढत. त्यांत पिवळ्या फुलांच्या याम डेझीचा कंद विशेष महत्त्वाचा होता. कंद काढताना माती हलवली जाई, लहान कंद तिथेच राहत आणि पुढच्या हंगामात पुन्हा उगवत. ठरावीक वेळी, ठरावीक तुकड्यांत लावलेल्या लहान वणव्यांनी जुनं गवत जळे आणि नवं फुटे. यलो बॉक्स आणि ब्लेकलीज रेड गम ही नीलगिरीच्या कुळातली दोन झाडं अंतरा-अंतरावर उभी, त्यांच्याखाली गवत, रानफुलं आणि पडलेले ओंडके, अशी या रानाची रचना होती. तिच्या घडणीत माणसाचाही वाटा होता. काठीनं माती उकरणारी स्त्री आणि नखांनी उकरणारा बेटॉंग हे एकाच जमिनीवर राबत होते.

१८२० च्या दशकात गोरे वसाहतवाले मेंढ्यांचे कळप घेऊन या पठारावर आले. जॉर्ज पामर या जमीनदारानं जिनिन्डेराजवळ तळ टाकला. १८६० च्या दशकात विल्यम डेव्हिसनं गुंगालिनचं दगडी घर बांधलं. १८७७ मध्ये एडवर्ड केंडल क्रेस यांनी ही मालमत्ता विकत घेतली आणि मेंढ्यांचा मोठा पसारा उभा केला. पामर्स्टन, क्रेस ही आजच्या गुंगालिनमधल्या उपनगरांची नावं त्याच काळातून आलेली आहेत.

मेंढीला उघडं कुरण हवं होतं आणि झाड आड येत होतं. एवढी झाडं तोडून हलवणं परवडत नसे, म्हणून खोडाभोवतीची साल गोल कापून टाकत. झाड उभ्या उभ्या वाळून जाई. १८६१ च्या जमीन कायद्यांनी लहान शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या तेव्हा ‘जमीन सुधारून दाखवणं’ ही मालकीची अट होती आणि झाडं मारणं हे सुधारणेतच धरलं जाई. यलो बॉक्स सुपीक मातीत वाढतो, त्यामुळे सर्वांत आधी तोच गेला. व्हिक्टोरियापासून क्वीन्सलंडपर्यंत पसरलेल्या या रानाचा चांगल्या स्थितीतला भाग आज मूळच्या पाच टक्क्यांहून कमी उरला आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं त्याची नोंद अतिसंकटग्रस्त परिसंस्था म्हणून केली.

मेंढ्यांच्या खुरांनी माती दाबली गेली आणि याम डेझी चरून संपली. ङुनावाल लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं गेलं. बेटॉंगच्या डोक्यावर बक्षीस लागलं. काही दशकांत माती उकरणारे दोघंही नाहीसे झाले.

दुसरा उकरणारा

त्यांच्या जागी वेगळाच उकरणारा आला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदारानं व्हिक्टोरियातल्या जिलॉंगजवळच्या आपल्या मळ्यावर शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून मागवलेले काही ससे सोडले. आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही, तो झुडपाच्या आडोशाला पडून राहतो. युरोपातला ससा मात्र जमिनीखाली बिळांची जाळी खणून कळपानं राहतो आणि वर्षातून अनेक विणी देतो. ऑस्ट्रेलियात त्याला रोखणारं फारसं काही नव्हतं. मेंढ्यांनी गवत आखूड करून ठेवलं होतं, ते त्याच्या पथ्यावर पडलं. विष, सापळे आणि बंदुका यांनी डिंगो हा रानकुत्रा आणि क्वोल हे स्थानिक शिकारी कमी केले होते, तेही त्याच्या पथ्यावर पडलं. पन्नास वर्षांत तो खंडाच्या मोठ्या भागावर पसरला. त्याच काळात शिकारीसाठीच आणलेला लाल खोकडही पसरत होता. खोकडाचं पोट सशांवर भरे. ससा मिळाला नाही की तो बेटॉंगवर वळे. बक्षिसांच्या मोहिमेतून वाचलेल्या बेटॉंगांना त्यानं संपवलं. १९२० च्या दशकापर्यंत ईस्टर्न बेटॉंग मुख्य भूमीवरून नाहीसा झाला. तो उरला फक्त टास्मानिया बेटावर, कारण तिथे खोकडानं कधी बस्तान बसवलं नव्हतं.

बेटॉंग उकरतो आणि ससाही उकरतो. फरक असा, की बेटॉंगचा खड्डा लहान असतो आणि तो रोज नव्या जागी असतो. त्या खड्ड्यात पालापाचोळा साचतो, पाऊस मुरतो, बी अडकतं आणि रुजतं. त्यानं खाल्लेल्या अळंबीचे बीजाणू त्याच्या विष्ठेतून पसरतात. हीच अळंबी झाडांच्या मुळांना चिकटून त्यांना पाणी आणि क्षार पुरवते. त्याच्या जातीतले प्राणी एका वर्षात काही टन माती उलथतात असं अभ्यासकांनी मोजलं आहे. ससा एकाच जागी बीळ करतो, भोवतालचं गवत मुळापर्यंत खातो आणि कोवळ्या रोपांची साल कुरतडतो. हेक्टरी एकदोन ससेसुद्धा काही झाडांची नवी पिढी उगवू देत नाहीत. उघडी पडलेली माती मग वारा नेतो.

सशाला अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात लांबच लांब कुंपण घातलं गेलं. पहिल्या कुंपणाची लांबीच १,८०० किलोमीटरच्या वर होती. ते पुरं होण्याआधीच ससे पलीकडे पोचले होते. एवढ्या लांब रेषेची देखभाल शक्य नव्हती आणि पलीकडची जागा सशांपासून आधी मोकळी केलेली नव्हती. नेमक्या याच दोन गोष्टी शंभर वर्षांनी मुलिगन्स फ्लॅटवर केल्या गेल्या.

गुंगालिनच्या घरातली प्रयोगशाळा

१ जानेवारी १९११ रोजी राजधानीसाठी वेगळा प्रदेश अस्तित्वात आला. त्याची सीमा मोठ्या भागात डोंगरकड्यांवरून, पाणलोटाच्या कडेनं आखली गेली. राजधानीला पाणी देणाऱ्या नदीचं पाणलोट क्षेत्र तिच्याच ताब्यात असावं, हा त्यामागचा विचार होता. जमीन सरकारच्या मालकीची ठेवून ती भाडेपट्ट्यानं देण्याचं धोरणही ठरलं. पुढे ऐंशी वर्षांनी या धोरणानं मुलिगन्स फ्लॅट वाचवायला मोठा हातभार लावला. त्या वेळी मात्र गुंगालिन एक सामान्य मेंढवाडा होता.

१९५० च्या दशकात या दगडी घरात एका निराळ्या कामानं बस्तान बसवलं. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेनं १९४९ मध्ये वन्यजीव सर्वेक्षण विभाग स्थापन केला आणि पुढे त्याचं केंद्र गुंगालिनच्या घरात आलं. विभागाचे प्रमुख होते फ्रान्सिस रॅटक्लिफ. हे इंग्लंडहून १९२९ मध्ये फळांच्या बागा नासणाऱ्या वटवाघळांचा अभ्यास करायला आले होते. १९३० च्या दशकात त्यांना कोरड्या प्रदेशातल्या मातीच्या धुपीचा अभ्यास सांगण्यात आला. मैलोन्‌मैल उघडी जमीन, वाळूखाली गाडली गेलेली कुंपणं आणि दुष्काळातही जनावरांची संख्या कमी न करणारे पशुपालक त्यांनी पाहिले. जमिनीची ताकद ओळखून त्याच प्रमाणात तिच्यावर भार टाकावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. वसाहत वाढवायच्या धुंदीत असलेल्या देशाला तो रुचण्यासारखा नव्हता. १९३८ मध्ये त्यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं.

रॅटक्लिफ यांच्यापुढचं नवं काम सशाचं होतं. ऑस्ट्रेलियात तेव्हा ६० कोटी ससे असावेत असा अंदाज केला जाई. दक्षिण अमेरिकेतल्या सशांमध्ये आढळणारा मिक्सोमा नावाचा विषाणू युरोपातल्या सशाला मारक ठरतो, हे माहीत होतं. जीन मॅकनमारा या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकापासून त्याचा पाठपुरावा केला होता. १९५० मध्ये मरी नदीच्या खोऱ्यात चाचण्या सुरू झाल्या. सुरुवातीला रोग पसरेना आणि प्रयोग फसला असंच वाटलं. त्या वर्षाच्या अखेरीस पाऊस-पाण्यानं डासांची पैदास झाली आणि डासांनी तो नदीकाठानं शेकडो किलोमीटर नेला. पहिल्या लाटेत लागण झालेल्या शंभरातले नव्व्याण्णवहून अधिक ससे मेले.

त्याच वेळी मरीच्या खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांनी तिचा संबंध सशांच्या रोगाशी जोडला. तेव्हा मॅकफार्लेन बर्नेट, फ्रँक फेनर आणि सीएसआयआरओचे अध्यक्ष इयन क्लुनीज रॉस या तीन शास्त्रज्ञांनी मिक्सोमा विषाणू स्वतःला टोचून घेतला. त्यांना काहीही झालं नाही. सीएसआयआरओचं खातं सांभाळणारे मंत्री रिचर्ड केसी यांनी १९५१ मध्ये ही गोष्ट संसदेत जाहीर केली. गुंगालिनमधलं केसी हे उपनगर त्यांच्याच नावाचं आहे.

गवत परतलं, लोकर आणि मांसाचं उत्पादन वाढलं. पण गुंगालिनच्या संशोधकांचं आणि कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या फेनर यांचं खरं महत्त्व यानंतर दिसलं. त्यांनी विषाणू सोडून दिल्यावर वर्षानुवर्षं मोजणी चालू ठेवली. सर्वांत जहाल विषाणू आपल्या यजमानाला इतक्या लवकर मारतो, की त्याला पसरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे काही वर्षांतच त्याची मवाळ रूपं वरचढ ठरली. सशांमध्येही प्रतिकारशक्ती वाढत गेली. ऊरॅना सरोवराजवळच्या सशांवर झालेल्या चाचण्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १९५० च्या दशकातच नव्वद टक्क्यांवरून तिसाच्या आसपास आलं. गुंगालिनच्या आवारातल्या बंदिस्त वाड्यांमध्ये रोमन मिकिटोविच यांनी सशांच्या कळपातली उतरंड, हद्द आणि गंधखुणा यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. निसर्गात केलेला एकही उपाय कायमचा नसतो, त्याच्यामागे मोजणी चालू ठेवावी लागते, हा धडा या माळावर तेव्हा मिळाला.

रॅटक्लिफ यांनी आणखी एक पाऊल टाकलं. माती, पाणी, रानं यांच्या बाजूनं बोलणारी देशव्यापी नागरी संस्था हवी म्हणून १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियन कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन उभी करण्यात पुढाकार घेतला. ही संस्था आजही काम करते आहे.

शहर येतं

१९७० च्या सुमारास कॅनबेराच्या वाढीचा नवा आराखडा मान्य झाला. शहर इंग्रजी ‘वाय’च्या आकारात तीन दिशांना वाढवायचं आणि उत्तरेकडची फांदी गुंगालिनमध्ये न्यायची, असं ठरलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पामर्स्टनमध्ये पहिली घरं उभी राहिली. मेंढ्यांच्या कुरणांत रस्ते आखले जाऊ लागले, तशी उरलेल्या रानाची पाहणी झाली. न्यू साउथ वेल्सच्या सीमेलगतचा मुलिगन्स फ्लॅट हा तुकडा खडकाळ होता, नांगर आणि रासायनिक खत तिथे फारसं पोचलं नव्हतं. म्हणून तिथे मूळ गवत आणि जुनी झाडं टिकली होती. जमीन सरकारी असल्यानं कुणाशी खरेदीचा तंटा नव्हता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुलिगन्स फ्लॅट राखीव झालं आणि पुढे शेजारचं गूरूयारू जोडलं गेलं. क्रेस, मुलंगारी आणि गंगाडेरा हे गवताळ तुकडेही वस्तीच्या मध्ये राखले गेले. पाय नसलेला पट्टेरी सरडा आणि सोनेरी पंखांचा एक पतंग हे त्यांतले दुर्मिळ रहिवासी आहेत.

राखीव फलक लागल्यावर काम संपलं, असं इथल्या लोकांनी मानलं नाही. मेंढ्या काढल्या तरी रान सुधारेना. जमिनीवर पडलेले ओंडके दीडशे वर्षं सरपणासाठी उचलले गेले होते. डिंगो नसल्यानं कांगारूंची संख्या वाढली होती आणि ते गवत आखूड करत होते. खोकड आणि मांजरं रात्रभर फिरत होती. रानाचा आकार उरला होता, पण त्यातली कामं करणारे गेले होते.

ओंडके, कुंपण आणि परतलेले प्राणी

२००० च्या दशकात ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले एड्रियन मॅनिंग, डेव्हिड लिंडनमायर आणि त्यांचे सहकारी स्थानिक सरकारबरोबर इथे आले. त्यांनी दोन्ही रानांत मिळून एकेका हेक्टरचे ९६ तुकडे आखले. काहींत ओंडके पसरून टाकले, काहींत ढीग करून, काहींत दुपटीनं, तर काहींत काहीच नाही. काही भागांत कांगारूंचं चरणं कमी केलं, काहींत तसंच ठेवलं. एकंदर सुमारे २,००० टन लाकूड रानात परत आणलं गेलं. नीटनेटकेपणाच्या सवयीनं जे लाकूड आपण उचलून नेतो, ते जमिनीवर कुजत पडू देण्यासाठी ट्रकांनी आणावं लागलं. काही वर्षांतच फरक दिसला. ओंडक्यांच्या आडोशाला भुंगेरे वाढले, सापसुरळ्या वाढल्या आणि त्यांच्या कडेनं माती ओल धरू लागली.

२००९ मध्ये मुलिगन्स फ्लॅटभोवतीचं कुंपण पुरं झालं. लांबी साडेअकरा किलोमीटर, आतलं क्षेत्र ४८५ हेक्टर. जाळीची वरची कड बाहेरच्या बाजूला झुकलेली आणि लवचिक, म्हणजे चढणारं मांजर मागे ढकललं जातं. खालची जाळी जमिनीत पसरलेली, म्हणजे खोकडाला खालून उकरता येत नाही. कुंपण बंद झाल्यावर आतले खोकड, मांजरं आणि ससे काढून टाकण्यात आले. हे काम संथ आणि चिकाटीचं होतं. एखादाही खोकड राहिला असता तर पुढचं सगळं वाया गेलं असतं.

२०१२ मध्ये टास्मानियाहून आणलेले बेटॉंग मुलिगन्स फ्लॅटवर सोडले गेले. जवळपास शंभर वर्षांनी मुख्य भूमीवरच्या रानात ते माती उकरू लागले. त्यांची संख्या वाढली, त्यांचे खड्डे रानभर दिसू लागले आणि त्या खड्ड्यांमध्ये काय रुजतं, किती पाणी मुरतं याची मोजणी सुरू झाली. २०१४ मध्ये बुश स्टोन-कर्ल्यू हा पक्षी आला. आपल्या माळावरच्या करवानकाचा हा जवळचा नातलग. मोठ्या डोळ्यांचा, रात्री विव्हळल्यासारखा ओरडणारा. या प्रदेशातून तो चाळीसेक वर्षांपूर्वी गेला होता.

२०१६ मध्ये ठिपकेदार अंगाचा छोटा शिकारी ईस्टर्न क्वोल आणला गेला. मुख्य भूमीवरची त्याची शेवटची खात्रीची नोंद १९६३ मधली, सिडनीतली. पहिली खेप फसली. नव्या जागेत आलेले क्वोल, विशेषतः नर, कुंपण चढून बाहेर गेले आणि खोकडांच्या तोंडी पडले. अभ्यासकांनी डाव बदलला. पुढच्या खेपांमध्ये पोटाच्या पिशवीत पिल्लं असलेल्या माद्या सोडल्या. पिल्लांची आई घरट्याजवळ राहते, भटकत नाही. ही युक्ती लागू पडली आणि क्वोल तिथे वाढू लागले. असे प्रयोग टप्प्याटप्प्यानं करायचे, प्रत्येक टप्प्यात काय चुकतं हे लिहून ठेवायचं आणि मग पुढची खेप सोडायची, ही मुलिगन्स फ्लॅटची कार्यपद्धतच बनली.

पुढे कुंपण गूरूयारूपर्यंत वाढलं आणि बंदिस्त क्षेत्र साडेबाराशे हेक्टरांच्या आसपास गेलं. कुंपणाबाहेर, कॉटर नदीच्या पाणलोटात बेटॉंग सोडण्याचा प्रयत्नही झाला, पण खोकडांमुळे तो टिकला नाही. बाहेरच्या जगात हे प्राणी सुखानं राहतील अशी स्थिती अजून आलेली नाही. म्हणूनच कुंपणाच्या आतल्या प्रत्येक वर्षाचा उपयोग बाहेरची उत्तरं शोधण्यासाठी केला जातो.

शेजारधर्म

कुंपणाला लागूनच घरं आहेत, त्यामुळे शहरानंही काही नियम स्वीकारले. अभयारण्याला लागून असलेल्या फोर्ड आणि बॉनर या उपनगरांत पाळीव मांजर घरात किंवा बंदिस्त जागेतच ठेवावं, हा नियम सुरुवातीपासून लागू झाला. जुलै २०२२ पासून त्यानंतर जन्मलेल्या मांजरांसाठी तो सगळ्या राजधानी प्रदेशात लागू आहे. थ्रॉस्बी उपनगराच्या आराखड्यातला काही भाग घरांऐवजी रानाला दिला गेला, कारण तिथल्या जुन्या झाडांच्या ढोलींत सुपर्ब पॅरट हा हिरवा पोपट घरटी करतो. अशी ढोली पडायला नीलगिरीच्या झाडाला शंभराहून अधिक वर्षं लागतात. आज लावलेलं रोप आपल्या पतवंडांच्या काळात ढोली देईल. जुनी देशी झाडं नाहीशी होणं हा राजधानी प्रदेशाच्या कायद्यात २०१८ पासून स्वतंत्र धोका म्हणून नोंदला गेला आहे. एका जुन्या झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावली म्हणजे हिशेब फिटला, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

सगळं बिनविरोध झालं असं नाही. कांगारूंची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी दरवर्षी काही कांगारू मारले जातात आणि प्राणिमित्र त्याला दरवर्षी विरोध करतात. डिंगोला हाकलून आपण जी जागा रिकामी केली, ती भरून काढण्याचं काम आता माणसालाच करावं लागतं. ते अप्रिय आहे आणि टाळता येण्यासारखंही नाही. ते न केल्यास बेटॉंगला लपायला गवतच उरणार नाही.

आपले माळ

हा इतिहास वाचताना सोलापूरचा नान्नज परिसर डोळ्यांपुढे येतो. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळंच आलं. लोकांच्या सातबाऱ्यावर निर्बंध आले, रोष वाढला आणि अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. नकाशावर प्रचंड रेषा ओढली गेली, पण तिच्या आतल्या माळाचं रोजचं काम पाहणारी यंत्रणा तितकी मोठी नव्हती. सशांना अडवणाऱ्या त्या लांबच लांब ऑस्ट्रेलियन कुंपणाचं जे झालं, ते या रेषेचंही झालं.

त्याहून खोल अडचण आपल्या नजरेत आहे. महसुली कागदांवर माळ म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी करायला हवं, असं प्रत्येक सरकारला वाटतं. कधी झाडं लावायची, कधी उद्योग आणायचा, कधी सौर पट्ट्या अंथरायच्या. माळावर झाडं लावणं हे पर्यावरणाचं काम मानलं जातं. प्रत्यक्षात गवताळ माळावर जगणारे माळढोक, खोकड, लांडगा, काळवीट यांना झाडी बंदिस्त करून टाकते. मूळ गवताच्या खोल मुळांनी धरून ठेवलेली माती आणि त्यात मुरणारं पाणी यांची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही. न्यू साउथ वेल्सच्या बक्षिसांच्या वहीतही बेटॉंगच्या कामाची नोंद नव्हती. तिथे फक्त त्यानं खाल्लेल्या गवताचा हिशेब होता.

गुंगालिनच्या लोकांनी दाखवलेला मार्ग खर्चिक आहे आणि तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. आपल्याकडे माळावर धनगर आहेत, त्यांच्या मेंढ्या आहेत आणि त्या माळाचाच भाग आहेत. सोलापूर-पुण्याच्या पट्ट्यात लांडगा आणि मेंढपाळ एकाच वाटेनं चालतात. तिथे कुंपण हा उपाय नाही. मात्र कामाची पद्धत उचलता येईल. एखादा माळ निवडायचा आणि त्यावर कोणकोणती कामं चालतात हे आधी शोधायचं. कोणतं गवत माती धरतं, कोण ती उकरतं, पाणी कुठे मुरतं, कोणत्या महिन्यात चराई सोसते आणि कोणत्या महिन्यात नाही, हे धनगरांना विचारायचं आणि स्वतः मोजायचं. मग छोट्या तुकड्यांवर प्रयोग करायचे, त्यांचे निकाल गावापुढे मांडायचे आणि फसलेला प्रयोग लपवायचा नाही. हे काम एका पंचवार्षिक योजनेत बसणारं नाही. गुंगालिनच्या माळावर मोजणीचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि बेटॉंग २०१२ मध्ये परत आला.

म्हणून आपल्या विद्यापीठांनी, वनखात्यानं आणि ग्रामपंचायतींनी मिळून निदान एका माळावर वीस-तीस वर्षं टिकणारं मोजणीचं काम आत्ताच हाती घ्यायला हवं आणि सातबाऱ्यावरचा ‘पडीक’ हा शेरा त्या माळापुरता तरी पहिल्याच दिवशी खोडायला हवा. बेटॉंगला टास्मानियानं सांभाळलं म्हणून ऑस्ट्रेलियाला चूक सुधारण्याची दुसरी संधी मिळाली. आपल्या माळावरच्या अनेक जिवांसाठी असं राखीव बेट कुठेही नाही.